बकुळामावशीला शून्य मार्क

फॉर्म या प्रकाराचा मला पहिल्यापासून राग आहे. रेशनकार्डाच्या फॉर्मवर कुणीतरी आमच्या ह्यांचं वय एकोणीस लिहिलं, आणि ते दुरुस्त व्हायला तीन वर्षं लागली. तोवर सरकारदरबारी मी नवऱ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी होते. हे दर महिन्याला रेशन आणून खाली ठेवायचे आणि मला वाकून नमस्कार करायचे. म्हणून शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात आमच्या डॉक्टरांनी नवा फॉर्म आणला, तेव्हा मी वाचायच्या आधीच कपाळाला आठ्या घातल्या.

मी राहायला अंबरनाथ पश्चिमेला आणि कामाला उल्हासनगरात, एका ट्रस्टच्या धर्मादाय दवाखान्यात. गुरुवारी आणि शनिवारी तिथे चामडीच्या रोगांची ओपीडी असते. केसपेपर काढणं, मलम वाटणं आणि रांगेत भांडणाऱ्यांशी भांडणं ही माझी कामं. पेशंट मला सिस्टर म्हणतात. मी नर्सिंग शिकलेली नाही, पण आवाज चढवता येतो, त्यामुळे हुद्दा आपोआप मिळाला.

आमचे डॉक्टर जयदेव हे सिंधी, जन्म उल्हासनगरचाच, वय तेहेतीस. मराठी बोलताना मध्येच हिंदीत शिरतात आणि बाहेर यायला विसरतात. माणूस गुणी आहे. एकच खोड, कुठल्याही परिषदेला गेले की परत येताना काहीतरी नवं खूळ घेऊन येतात. या खेपेला तो फॉर्म होता.

त्यात दहा प्रश्न. गेल्या आठवड्यात त्वचेच्या दुखण्यामुळे तुम्हाला किती खाज सुटली, किती लाज वाटली, कपडे निवडताना किती विचार पडला, घरकाम, बाजारहाट, कामधंदा, नवरा-बायको, खेळ-पोहणं, औषधांचा व्याप, आणि शेवटी नातेवाईक-शेजारीपाजारी. उत्तरं चारच: अजिबात नाही, थोडा, पुष्कळ, फार. त्याला शून्यापासून तीनपर्यंत मार्क. जितके मार्क जास्त, तितकं जगणं जड.

"डॉक्टर, आता खाजेलाही मार्क द्यायचे?" मी विचारलं.

"खाजेला नाही अंजनीबाई, जगण्याला. चट्टा किती इंच, ते मी टेपने मोजतो. पण ज्याच्या अंगावर तो आहे त्याचा दिवस कसा गेला, ते कोण मोजणार? दो इंच का चट्टा पाठीवर असला तर आदमी आरामात फिरतो. तोच गालावर आला की ठरलेलं लग्न मोडतं. टेप को क्या मालूम?"

मला पटलं. पण तसं तोंडावर दाखवलं नाही. डॉक्टरांना एकदा पटलं म्हटलं की ते दुसरा फॉर्म आणतात.

त्या फॉर्ममागे एक कपाट होतं. व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने दवाखान्याला दान दिलेलं, माणूस उभा राहील एवढं, आतून सगळ्या बाजूंनी निळसर ट्यूबलायटी. सोरायसिसवाल्याने आधी एक गोळी घ्यायची, दोन तासांनी कपाटात उभं राहून काही मिनिटं उजेड घ्यायचा, मग दिवसभर काळा चश्मा घालून फिरायचं. आठवड्यातून दोनदा, सहा-सात महिने, आणि सगळं फुकट. डॉक्टर त्याचा अभ्यास करणार होते, म्हणून जागा मोजक्याच, बारा. ज्याचे मार्क दहाच्या वर जातील, त्यालाच आत प्रवेश.

पहिल्या दिवशी लोकांना वाटलं परीक्षा आहे. एका म्हातारबुवांनी सगळ्याला "अजिबात नाही" सांगून वर विचारलं, "झालो ना पास?" दुसऱ्या आठवड्यात कपाटाची बातमी बाहेर फुटली, आणि रांगेतल्या प्रत्येकाचं जगणं एकदम नरक झालं. जीन्सच्या कारखान्यात शिलाईला बसणारा चंदू तर अठ्ठावीस मार्क घेऊन पहिला आला.

"पोहायला अडचण? फार," चंदू म्हणाला.

"तुला पोहता येतं का रे?"

"नहीं आता, सिस्टर. वही तो अडचण है."

मी लिहिलं तीन. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आपण कोण बोलणार.

डिसेंबरात अकरा जागा भरल्या होत्या, बारावी राहिली होती आणि शनिवारनंतर ती एकही दिवस उघडी ठेवायची नाही असं ठरलं होतं. त्या आधीच्या गुरुवारी रांगेत मला बकुळामावशी दिसली.

बकुळामावशी चामटोलीची. नात्याने माझी कोणी नाही, पण बदलापूरच्या आसपास आमच्या समाजात तिला मावशी न म्हणणारा माणूस सापडायचा नाही. ती धवलारीण. आमच्याकडे भटजी मुहूर्त सांगतात, पण लग्न खरं लावते ती धवलारीण. हळद दळण्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, तिच्या तोंडी असतं, आणि नवरीच्या अंगाला पहिली हळद लागते ती तिच्या हातची. चौऱ्याहत्तर साली शिरगावला माझं लग्न झालं तेव्हा मला तिनेच हळद लावली. मी रडून गोंधळ घालत होते, तर गाणं न थांबवता तिने मला असा चिमटा काढला की रडायचं कारणच बदललं.

आता तिचं वय साठीकडे झुकलं होतं. लांब बाह्यांचं पोलकं, पदर कपाळापर्यंत, हात पदराखाली. मी म्हटलं, "मावशी, हात दाखव." तिने एकदा आजूबाजूला पाहिलं आणि हात टेबलावर ठेवले. दोन्ही तळवे सोललेले, बोटांना भेगा, कोपरांवर पांढऱ्या खपल्या. सोरायसिस. चार वर्षांपासून, असं सांगून ती हसली.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे बघ," ती म्हणाली.

मी फॉर्म पुढे ओढला. खाज? "नाय गो, अजिबात." लाज? "कशापायी?" घरकामाला त्रास? "कसला त्रास." बाजारात? "नाय." पाहुणेरावळे, शेजारीपाजारी? "समदी चांगली हायत." दहा प्रश्न, दहा शून्य. सांगता सांगता उजव्या हाताची नखं डाव्या मनगटावर करकर चालली होती, आणि ही बया मला म्हणते खाज नाही.

"मावशी, खरं बोल. मार्क मिळाले तर तुला औषध आहे. उजेडाचं कपाट आहे. सहा महिन्यांत हात सुधारतील."

"खरंच बोलते. मना काय बी त्रास नाय," असं म्हणून तिने मलमाची डबी घेतली आणि निघाली. जाताना तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी मान खाली घालून दुसऱ्याचा केसपेपर काढला. का, ते पुढे सांगते. आधी सांगायला लाज वाटते.

डॉक्टरांनी फॉर्म बघितला. "झीरो? अंजनीबाई, इसका तो जीवन एकदम बढिया है. मी स्वतः भरला होता, माझेही चार आले. कोंड्याचे."

"तिचे हात बघितलेत का?"

"हात बघितले. टेपने मोजले, सगळ्यात खराब तेच आहेत. पण नियम नियम है. दहाच्या वर पाहिजे. नाहीतर मी ज्याला वाटेल त्याला घेतो असं लोक म्हणतील. आणि नंतर सुधारणा दाखवणार कशी? शून्याच्या खाली मी कुठे जाऊ?"

मला इतका राग आला. फॉर्मचा आला, डॉक्टरांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या म्हातारीचा. तिथे चंदू न येणाऱ्या पोहण्याचे मार्क लाटतो आणि ही भेगाळलेले हात पदराखाली घेऊन निघून जाते. डॉक्टरांच्या मागे लागून मी बारावी जागा पुढच्या सोमवारपर्यंत राखून ठेवली आणि रविवारी कोरा फॉर्म पिशवीत घालून चामटोलीला गेले.

मावशी अंगणात भाताच्या पेंढ्याजवळ बसली होती. मला बघून म्हणाली, "आलीस? मना वाटलाच." मग आत वळून सुनेला हाक मारली, "चंद्रे, चाय टाक. मी नाय हात लावत, तूच कर." हे ती इतक्या सहज म्हणाली की मला पहिल्यांदा कळलंच नाही तिने काय सांगितलं.

चहा आला. मी सरळ विचारलं, "मावशी, तू खोटं का बोललीस?"

"खोटा नाय बोलले. तुळशीचा लगीन झाला ना?"

"मग?"

"मंग काय मंग. सीझन चालू झाला. माझी आते, येसू, तिनं मना धवले शिकवले. तिनं पयली गोष्ट काय सांगितली, तर हळद लावणाऱ्या बाईनं सीझनभर रडगाणा गायाचा नाय. ज्या तोंडानं नवरीला सुखाचा मागायचा, त्या तोंडानं दुखतंय, खुपतंय, लोक वंगाळ वागतात, असा बोलला तर नाट लागते. माझा भाऊ गेला तवा बी मी चार महिने बोलले नाय. आषाढात देव झोपले, मंग रडले. तुजा फॉरम तू आषाढात घेऊन ये, काय सांगायचा ते सांगते."

"आषाढापर्यंत कपाटातली जागा राहत नाही मावशी. आणि तुला आता बोलावतंय कोण लग्नाला?"

तोंडातून गेलं आणि जीभ चावली. ती मात्र शांतपणे पेंढा आवरत होती.

"कोनी बोलवो नाय तर न बोलवो. धवलारीण ती धवलारीण. आवाज जाऊ नये म्हणून रोज म्हशीपुढे बसून गाते. चार वर्षांत त्या म्हशीचा लगीन किती येळा लागला, मोजदाद नाय."

मी हसले. या बाईला आता काय विचारायचं? तक्रार ती करणार नाही. पण मी रांगेत वीस वर्षं भांडण्यात घालवलेली बाई आहे, एक दार बंद असेल तर दुसरं कुठे आहे ते मला कळतं. तक्रार करायची नाही, पण काय घडलं ते सांगायला काय हरकत?

"बरं मावशी, त्रासाचं नाही विचारत. गेल्या आठवड्यात काय काय केलंस तेवढं सांग. भाकऱ्या किती थापल्यास?"

"एक बी नाय. चंद्री थापते. मी चुलीपाशी बसून जाडी-बारीक सांगते."

घरकाम, दोन. "आणि बाजारात गेलीस?"

"गेले ना. बदलापूरला. भाजीवाली चांगली हाय, मना हात लावायला लागत नाय, तीच उचलून पिशवीत टाकते."

बाजारहाट, दोन. "हे लांब बाह्यांचं पोलकं किती दिवस घातलंस?"

"सातही दिवस. माझ्याकडे दुसरा कुठाय."

असं करत करत मी नऊ प्रश्न उलटे करून विचारले. तिने एकदाही कुरकुर केली नाही, फक्त घडलं ते सांगितलं, मध्येच एखादा विनोद केला, आणि फॉर्मवर आकडे चढत गेले. पण जिथे तिने खरंच हसण्यावारी नेलं तिथे मी शून्य लिहिलं. पोहण्याला तर नक्कीच, मी काही चंदू नाही. नऊ प्रश्नांची बेरीज आठ झाली. पाहिजेत दहाच्या वर. राहिला होता एकच प्रश्न, नातेवाईक आणि शेजारीपाजारी.

तो उलटा करून विचारायचा म्हणजे असा: गेल्या आठवड्यात तुझ्या ओळखीत कुणाकडे लग्न ठरलं, आणि तुला बोलावणं आलं नाही? प्रश्न माझ्या तोंडाशी आला आणि तिथेच थांबला.

आता सांगते. माझ्या वैजूचं लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं. धवलारीण कोण, याची बोलणी झाली तेव्हा माझी नणंद म्हणाली, "बकुळाबाईचे हात बघितलेत ना? हळदीत तसले हात नकोत." मी वीस वर्षं लोकांना ओरडून सांगत आले आहे की सोरायसिस लागत नाही, हात लावल्याने होत नाही, एका ताटात जेवलं तरी होत नाही. त्या दिवशी घरात मी यातलं एक अक्षर बोलले नाही. नणंदेचं निमित्त झालं हो, खरं तर मलाही ते हात माझ्या पोरीच्या गालाला लागायला नको होते. मंगळवारी वांगणीच्या मोतीबाईला सुपारी दिली. गुरुवारी बकुळामावशी माझ्या टेबलासमोर उभी राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी पेनाचं टोपण लावलं आणि परत काढलं. मावशीने पेंढ्यावरची नजर उचलली.

"मोतीबाई चांगली गाते," ती म्हणाली. "आवाज जरा फाटका हाय, पन पोरगी गुणाची. वैजूला हळद नीट लावंल."

"तुला कळलं होतं?"

"मंगळवारी सुपारी, बुधवारी मना कळला. धवलारणींत काय लपतंय व्हय?" आणि माझ्या गुडघ्यावर त्या हाताने हलकेच थापटून म्हणाली, "लिही गो, शून्य. शेजारीपाजारी समदी चांगली हायत."

मी तीन लिहिले. बेरीज अकरा.

तिला वाचता येत नाही, पण आकडे येतात. तिने फॉर्म बघितला, मग मला बघितलं, आणि चंद्रीला आणखी चहा टाकायला सांगितलं. या खेपेला मी म्हटलं, "चंद्री नको, तू कर." मावशी उठली. चहा तिने चांगला केला, फक्त साखर इतकी घातली की पाहुण्याने परत मागू नये.

सोमवारी डॉक्टरांनी फॉर्म दोनदा वाचला. "अंजनीबाई, तुम्ही प्रश्न बदलले."

"प्रश्न तेच आहेत, दुसऱ्या बाजूने विचारले. साहेब, तुमचा फॉर्म विचारतो किती अडलं. जिथे अडतं तिथे जाणंच जिने सोडून दिलं, तिचं कुठे अडणार? ती दहा शून्यंच सांगणार."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. ते विचार करतात तेव्हा डोक्यावर पेन आपटतात आणि कोंडा पडतो, ते चार मार्क खरे आहेत. "और ये दसवां? नातेवाइकांचा त्रास, तीन. हे तिने सांगितलं?"

"नाही. ज्यांनी त्रास दिला त्यांनी सांगितलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाराव्या ओळीत बकुळामावशीचं नाव लिहिलं आणि पुढचं काही विचारलं नाही. म्हटलं ना, माणूस गुणी आहे.

मावशी दर आठवड्याला दोनदा चामटोलीहून उल्हासनगरला येऊ लागली. पहिल्या दिवशी कपाटात पाय ठेवायला तयार होईना. "उभ्यानं पेटीत घालता व्हय मना," म्हणाली. चंदूने आधी आत जाऊन दाखवलं. नंतर मात्र तिला त्यात मजा वाटू लागली. दार बंद झालं की आतून धवले ऐकू यायचे, आणि बाहेर बसलेले सिंधी शेठ, उत्तरेकडचे कारागीर, बदलापूरच्या बाया सगळे गप्प बसून ऐकायचे. काळा चश्मा लावून ती चामटोलीच्या रस्त्याने चालायला लागली की पोरं मागे लागायची. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही, उलट चश्मा खाली करून एकेकाला डोळा मारायची.

वैजूच्या हळदीला दोन दिवस राहिले तेव्हा मी चामटोलीला जाऊन मावशीला बोलावणं केलं. आधी वांगणीला जाऊन मोतीबाईची माफी मागून आले होते. ती म्हणाली, "बकुळाआक्का असंल तर मी मागचा आवाज धरीन. अन् सुपारी मी परत देत नाय." मी म्हटलं, ठेव.

हळदीच्या दिवशी मावशी आली ती दवाखान्यातून थेट, काळ्या चश्म्यातच. हात पूर्ण सुधारले नव्हते. खपल्या गेल्या होत्या, पण तळव्यांवर लाल डाग होते आणि भेगांच्या रेषा. अंगणातल्या बायका जरा सरकून बसल्या. माझी नणंद आंब्याच्या पानांची एक जुडी घेऊन पुढे आली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, पानांनी लावा हं. तशीच पद्धत आहे."

ती पानं मी तिच्या हातातून काढून घेतली. "तोरणाला कमी पडतायत, तिकडे लाव," म्हटलं. मग वाटी मावशीसमोर ठेवली. "मावशी, हाताने."

नणंदेचं तोंड बघण्यासारखं झालं, पण मी ते बघितलं नाही, कारण मी वैजूकडे बघत होते. पोरीने गाल पुढे केला. मावशीने हळदीत हात बुडवला, आणि हात क्षणभर तसाच राहिला. काळ्या काचांमागे काय चाललं होतं ते देवाला माहीत. मग तिने धवला धरला, मोतीबाईने मागून उचलला, आणि हात वैजूच्या गालाला लागला. पोर रडायला लागली तसा मावशीने तिलाही चिमटा काढला. आमच्याकडच्या फोटोत ती चश्म्यातली धवलारीण आहे. व्याही विचारतात, ह्या कोण. मी सांगते, लग्न ह्यांनीच लावलं.

शेवटचा फॉर्म जुलैत भरायचा होता. मावशीला गुरुवारची तारीख दिलेली, तर बाई आलीच नाही. पुढच्या गुरुवारी आली. हात स्वच्छ झाले होते, कोपरावर फक्त पुसट डाग. पोलकं अर्ध्या बाह्यांचं. डॉक्टर स्वतः माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले, कारण टेपचा आकडा त्यांनी आधीच घेतला होता आणि ते खुशीत होते.

"देव झोपले ना गो?" मावशीने मला विचारलं.

"एकादशीलाच झोपले."

"मंग घे पेन."

आणि ती बोलायला लागली. खाज? फार. रक्त निघेपर्यंत खाजवलं, चुलीच्या धगीवर हात धरले. लाज? फार. लग्नघराच्या मागच्या दाराला उभी राहून दुसरीचे धवले ऐकले आणि कडवं चुकलं तरी तोंड उघडलं नाही. घरकाम? फार. "नात माझ्या हातचा घास घेत नव्हती. चार वर्षांचा पोर, कुणीतरी शिकवलाच असंल ना?" तिचा आवाज चढला नाही. गाल मात्र ओले झाले आणि तिने ते पुसलेही नाहीत. मी तीन, तीन, तीन लिहीत होते आणि मला कागद नीट दिसत नव्हता.

डॉक्टर अस्वस्थ झाले. "मावशी, एक मिनिट. त्वचा साफ आहे. पहिले शून्य, मग अकरा, आणि आता बरं झाल्यावर वीसच्या वर? अंजनीबाई, ग्राफ उलटा चालला. मावशी, फॉर्म फक्त गेल्या आठवड्याचं विचारतो. हे तर चार वर्षांचं आहे."

"गेल्या आठवड्याचाच हाय, डाक्टर," मावशी म्हणाली. "चार वर्षं नुसता सोसला. गेल्या आठवड्यात देव झोपले, तवा दार लावून बसले आन् एकदाची रडले. समदा त्याच आठवड्यात झाला."

डॉक्टरांनी डोक्यावर आपटायला उचललेलं पेन खिशात ठेवलं. म्हणाले, "लिहा अंजनीबाई. जे सांगतात ते लिहा."

राहिला दहावा प्रश्न. तो मी वाचला नाही, फक्त तिथे पेन टेकवलं आणि तीनचा आकडा काढायला लागले. मावशीने माझं मनगट धरलं. तोच हात, पण आता मऊ.

"त्याला शून्य लिही."

"मावशी, आता खरं बोलायला मोकळी आहेस. मनात ठेवू नकोस."

"म्हणूनच सांगते. तवा शून्य म्हटला तो तुजी लाज राखायला. आता देव झोपलेत, खोटा कोणासाठी बोलू?"

मी शून्य लिहिलं. ते जरा वाकडं आलं, पण डॉक्टरांनी खोडायला सांगितलं नाही.